पाटर्न नंबर चारशे सतरा

उद्यमबागेत समुद्र नाही.
आमच्या फाउंड्रीत तो कागदावरून येतो,
ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
खाऱ्या पाण्यात वापरासाठी.
त्याखाली मी स्टोअरचा शिक्का मारतो
आणि रॅकवरून चारशे सतरा उतरवायला सांगतो.

चारशे सतरा म्हणजे व्हॉल्व्हच्या अंगाचा साचा,
सागवानी, दोन फाळ्यांचा,
भरमाण्णा सुतारानं केलेला.
ओतीव आकसतं म्हणून साचा
शंभराला दोन वाढवून करायचा.
"निवल्यावर सगळं कमीच होतंय की," म्हणायचा भरमाण्णा,
आणि पट्टीला फुंकर घालायचा.

ज्या वर्षी तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर गेलं
त्या वर्षी आमच्याकडं तीन पाळ्या चालल्या.
कुठल्या तरी समुद्रात उभी असलेली रिग
एका दुपारचं भाडं म्हणून
माझा जन्मभराचा पगार घेते,
हे मला साहेबाच्या केबिनमध्ये चहा देताना कळलं.
कप हलला नाही.
त्याच दिवाळीत मच्छेला मी प्लॉट बघितला.

यल्लवा तेव्हा गाभ्याच्या टेबलावर होती.
वाळू दाबताना ठोके मोजायची:
ओंदु, एरडु, मूरु...
तिच्या गाभ्याला कधी भेग गेली नाही.
रोज पंचेचाळीस. कधी पन्नास.

मग पिंप उतरलं.
ई-मेल तीन ओळींचा.
रिगा कुठल्याशा थंड खाडीत नेऊन बांधल्या म्हणे,
दिवे बंद,
एकेका रिगेवर एकेक वॉचमन.
त्या वॉचमनचा मी बरेच दिवस विचार केला.
मीही तेच करत होतो,
फक्त माझ्याकडं पाणी नव्हतं.
सिद्राम चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला गेला, टेम्पोवर.
यल्लवा चंदगडच्या वाटेवर, काजूच्या कारखान्यात.
प्लॉट दुसऱ्या कुणी घेतला.

एकदा भंगाराचा ट्रक आला.
जाड पत्रे, त्यांवर पिवळ्या रंगाचे पापुद्रे,
एकावर अर्धा आकडा आणि शिंपल्यांची खरखर.
तोडलेली रिग होती ती.
आम्ही ती भट्टीत टाकली
आणि नगरपालिकेच्या गटारांची झाकणं ओतली.
अनगोळच्या रस्त्यावर त्यांवरून स्कूटर गेली
की अजून मला खडखड वेगळी वाटते.

परवा पुन्हा ई-मेल.
रिगा कमी पडताहेत. अर्ध्या तर तोडल्या,
नवीन बांधायची कुणाची छाती झाली नाही.
ज्या उरल्या त्यांना व्हॉल्व्ह पाहिजेत,
चाळीस दिवसांत, दुप्पट दरानं.
साहेबानं दोन्ही हात टेबलावर ठेवले,
म्हणाला, "बाजार फिरला."

चारशे सतरा उतरवला.
एक फाळ शाबूत, दुसऱ्यात वाळवी.
बोट लावलं तर आत गेलं.
भरमाण्णाचा हात आता थरथरतो.
तरी तो खुर्चीवर बसून सांगत राहिला
आणि त्याच्या नातवानं करवत धरली.

गाभ्याला मात्र माणूस मिळेना.
आयटीआयची पोरं दोन दिवस आली.
वाळू ओली झाली, वाळू कोरडी झाली,
गाभे टेबलावरच फुटले.

मी यल्लवाकडं गेलो.
काजूच्या चिकानं तिची बोटं काळी,
कातडी सुटलेली, त्यांवर राख.
"परत ये," म्हटलं, "समुद्राची ऑर्डर आली."
तिनं मान वर केली नाही.
"रेट एष्ट री?"
मी जुना दर सांगितला.
ती काजू फोडत राहिली.

तिसऱ्या दिवशी साहेबाच्या गाडीतून गेलो,
नवा आकडा घेऊन, अर्धे पैसे आगाऊ.
तिनं हात धुतले, पदराला पुसले
आणि नोटा मोजायला घेतल्या,
त्याच ठोक्यात:
ओंदु, एरडु, मूरु...

एक नोट कोपऱ्यात फाटकी होती.
ती तिनं मला परत दिली.